व्हीपीएनची चावी गटाची असली तरी ओळख माणसाचीच हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायबर फसवणुकीची बातमी छापून आली की शेजारच्या चौकटीत सल्ले असतात आणि त्यांत 'बाहेरून काम करताना व्हीपीएन वापरा' हा हमखास असतो. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंत जाणारी कूटबद्ध, खासगी वाट. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. पतसंस्था, सीएंची कार्यालये, एमआयडीसीतले लहान कारखाने, तालुक्याच्या गावची इस्पितळे अशा ठिकाणी व्हीपीएन बहुधा लावलेला असतोच. तो कसा लावला आहे, हे कोणी विचारत नाही. राउटरवर एकच गट, त्या गटाची एकच सामायिक चावी, 'ऑफिस' नावाचा एकच वापरकर्ता आणि त्याचा पासवर्ड सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. या सगळ्यांत नोकरी सोडून गेलेले दोघे-तिघे आले, सॉफ्टवेअरवाल्याचा माणूसही आला. अशा टनेलमधून, म्हणजे त्या कूटबद्ध वाटेतून, जाणारी माहिती सहसा कोणाला वाचता येत नाही हे खरे, पण आत कोण शिरले होते हे मालकालाही सांगता येत नाही.

वर्तमानपत्रातल्या पत्राच्या मानाने पुढचा मजकूर जरा तांत्रिक आहे. पण हे काम करून घेणारे सचिव, व्यवस्थापक आणि करून देणारे तंत्रज्ञ दोघेही आपले वाचक आहेत, आणि मोघम सल्ल्यांनी हा घोळ मिटलेला नाही.

बाहेरून जोडणाऱ्या माणसाची तपासणी राउटर दोनदा करतो. पहिल्या टप्प्यात लॅपटॉप आणि राउटर आपल्याकडे तीच सामायिक चावी किंवा ग्राह्य प्रमाणपत्र (यंत्रात बसवलेले डिजिटल ओळखपत्र) असल्याचे एकमेकांना पटवतात आणि कूटबद्ध टनेल उभे करतात. हे काम आयपीसेक या कूटबद्धीकरणाच्या नियमसंचाचे, त्याला यूडीपी ५०० आणि ४५०० ही पोर्ट (राउटरवरची क्रमांकित दारे) लागतात. दुसऱ्या टप्प्यात त्या टनेलच्या आतून माणसाचे नाव आणि पासवर्ड जातो. पहिला टप्पा सांगतो की हे यंत्र आपल्या गटातले आहे. दुसरा सांगतो की यंत्रासमोर अमुक व्यक्ती बसली आहे. विंडोजवर एल२टीपी (आयपीसेकच्या आत चालणारी व्हीपीएनची पद्धत) जोडताना दिसणारे क्रमांकही नेमके याच टप्प्यांचे असतात. ८०९ आला तर लॅपटॉपचे बोलणे राउटरपर्यंत पोचतच नाही. ७८९ आला तर पहिला टप्पा फसला, बहुधा गटाची चावी चुकली. ६९१ म्हणजे टनेल झाले, पण नाव-पासवर्ड किंवा पडताळणीची पद्धत जुळली नाही. ८०९ दिसत असताना पासवर्ड बदलत बसणारे आणि ६९१ दिसताच फायरवॉल उघडी करणारे तंत्रज्ञ सर्रास भेटतात. दुसऱ्या प्रकारचे महागात पडतात.

आता सामायिक चावी सगळ्यांना ठाऊक असली म्हणून काय बिघडते? दोन गोष्टी बिघडतात. आयपीसेकचा पहिला टप्पा ज्या नियमांनी चालतो त्या आयकेईच्या १९९८ च्या जुन्या आवृत्तीत 'अ‍ॅग्रेसिव्ह मोड' नावाची एक पद्धत आहे. तिच्यात राउटर पहिल्याच उत्तरात चावीपासून काढलेला हॅश (चावीचा गणिती ठसा) समोरच्याच्या हाती देऊन टाकतो. तो घरी नेऊन लाखो शब्दांशी ताडून पाहता येतो, आणि 'कंपनी@१२३' छापाची चावी त्यापुढे टिकत नाही. दुसरी गोष्ट अधिक वाईट. चावी ज्याला ठाऊक आहे असा माणूस हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर मधे बसून आपणच कार्यालयाचा राउटर असल्याची बतावणी करू शकतो. मग दुसऱ्या टप्प्यातली एमएस-चॅप आवृत्ती २ (पासवर्ड तपासण्याची पद्धत) हिची देवाणघेवाण त्याच्या हाती लागते. या पद्धतीची सारी ताकद अखेर डीईएस या जुन्या कूटपद्धतीच्या एका ५६ बिटांच्या चावीवर येऊन ठेपते, हे २०१२ मध्येच जाहीरपणे दाखवून झाले आहे. म्हणजे गटाची चावी फुटली की माणसांचे पासवर्डही धोक्यात. तेव्हा चावी किमान २४ अक्षरांची, अर्थहीन अक्षरांची असावी आणि ती तंत्रज्ञाने स्वतः यंत्रावर भरावी, निरोपातून पाठवू नये. गटातला माणूस सोडून गेला की बदलावी. हे जड जाते हे मान्य. म्हणूनच पुढे प्रमाणपत्रांचा मार्ग सांगितला आहे.

उदाहरणासाठी मिक्रोटिकचा राउटर घेतो, कारण लहान कार्यालयांत तो खूप दिसतो. राउटरला हात लावण्याआधी कागदावर गट पाडा. लेखा विभागाला फक्त टॅलीचे यंत्र हवे असते, समजा १०.४७.२०.१०. विक्रीच्या माणसांना फाइल सर्व्हर, १०.४७.२०.१५. बाहेरचा दुरुस्तीवाला हा तिसरा गट, त्याला एकच यंत्र आणि तेही काम असेल तेवढाच वेळ. यापलीकडे राउटरची व्यवस्था पाहणाऱ्याचा एक गट. चाराच्या वर गट सहसा लागत नाहीत.

प्रत्येक गटाला आयपी पत्त्यांची वेगळी पट्टी द्या: लेख्याला १०.४७.९१.१० ते ३०, विक्रीला ९२ ची, दुरुस्तीवाल्याला ९३ ची. मग 'पीपीपी'खालच्या 'प्रोफाइल्स'मध्ये गटागणिक एक प्रोफाइल बनवा. त्यात ही पट्टी, 'ओन्ली वन'ला होय आणि 'अ‍ॅड्रेस लिस्ट'मध्ये गटाचे नाव, म्हणजे 'व्हीपीएन-लेखा' वगैरे. या शेवटच्या रकान्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही, आणि सगळी खुबी तिथेच आहे. माणूस आत आला की त्याचा पत्ता आपोआप त्या यादीत चढतो आणि बाहेर पडला की उतरतो, त्यामुळे फायरवॉलचे नियम गटाच्या नावाने लिहिता येतात. 'ओन्ली वन'मुळे एका नावाने एका वेळी एकच जण आत राहतो. ते लावल्यावर दुसऱ्याच दिवशी 'माझे कनेक्ट होत नाही' अशी ओरड झाली, तर एकच नाव दोघे वापरत होते हे आपसूक कळते.

त्यानंतर 'सीक्रेट्स'मध्ये माणसागणिक एक खाते. इथे 'सर्व्हिस' हा रकाना मुळात 'एनी'वर असतो. तो तसाच ठेवला आणि कधीकाळी चालू केलेला पीपीटीपी या जुन्या पद्धतीचा सर्व्हर बंद करायचा राहिला असेल, तर तेच नाव-पासवर्ड त्या मोडक्या दारानेही चालतात. म्हणून तो 'एल२टीपी' करा आणि पीपीटीपी बंदच करा. अ‍ॅपलने २०१६ मध्येच आपल्या यंत्रांतून पीपीटीपी काढून टाकला, अँड्रॉइड १२ पासून नव्या जोडणीत एल२टीपीही मिळत नाही, आणि विंडोज सर्व्हरमधून हे दोन्ही पुढे जाणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये सांगितले आहे. मोबाइलवरून काम करणारे कर्मचारी असतील तर एल२टीपीत नव्याने पैसे घालू नका, थेट आयकेईच्या दुसऱ्या आवृत्तीकडे (आयकेई २) जा.

एल२टीपी सर्व्हरच्या खिडकीत दोन जागा पाहायच्या. 'यूझ आयपीसेक'ला 'येस' आणि 'रिक्वायर्ड' असे दोन वेगळे पर्याय आहेत. 'येस' ठेवले की आयपीसेकशिवाय आलेली उघडी जोडणीही राउटर स्वीकारतो. बाहेरून सगळे नीट चाललेले दिसते, म्हणून हे वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. 'रिक्वायर्ड'च हवे. पडताळणीच्या पद्धतींत पॅप, चॅप, एमएस-चॅप १ आणि २ अशा चारही खुणा केलेल्या असतात. पैकी फक्त एमएस-चॅप २ ठेवा. एकवेळचा कोड लावायचा असेल तर थोडे वेगळे, ते पुढे येईल.

फायरवॉलमध्ये नियमांचा क्रम हाच जीव. 'इनपुट' साखळीत (राउटरकडेच येणाऱ्या रहदारीचे नियम) बाहेरून यूडीपी ५०० आणि ४५०० व आयपीसेक-ईएसपी (आयपीसेकची कूटबद्ध पाकिटे) यांना वाट द्या. एल२टीपीच्या १७०१ पोर्टला फक्त आयपीसेकमधून आलेले असेल तरच. 'फॉरवर्ड' साखळीत (राउटरमधून पुढे जाणाऱ्या रहदारीचे नियम) व्हीपीएन-लेखा यादीतून १०.४७.२०.१० च्या ३३८९ या रिमोट डेस्कटॉपच्या पोर्टला परवानगी, व्हीपीएन-विक्रीतून १०.४७.२०.१५ च्या ४४५ या फाइल वाटपाच्या पोर्टला, आणि त्यांच्या लगेच खाली या तिन्ही पट्ट्यांतून येणारे बाकी सारे अडवणारा नियम. राउटरची व्यवस्था पाहण्याचे ८२९१ पोर्ट व्यवस्थापकाच्या गटालाच. काहीजण आळसाने पट्ट्यांऐवजी 'ऑल-पीपीपी' हा तयार पर्याय निवडतात. फायबरची जोडणी पीपीपीओईची (कंपनीने दिलेले नाव-पासवर्ड टाकून जोडण्याची पद्धत) असेल तर इंटरनेटची बाजूसुद्धा त्याच 'ऑल-पीपीपी'त मोडते. तिथे परवानगीचा नियम लिहिला की घर साऱ्या जगाला उघडे!

जोडणी होते, पण काम होत नाही, अशा तक्रारींची कारणे ठरलेली आहेत. कार्यालयाचे नेटवर्क १९२.१६८.१.०/२४ आणि कर्मचाऱ्याच्या घरच्या वायफायचेही तेच, कारण दोघांनीही राउटर पेटीतून काढून तसाच लावला. मग लॅपटॉप टॅलीचे यंत्र घरातच शोधत बसतो. यावर व्हीपीएनमध्ये उतारा नाही. कार्यालयाचे पत्ते बदलणे हाच उपाय, आणि तो रविवारी प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरी यंत्र, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर या सगळ्यांची यादी हाताशी घेऊन करावा. वर १०.४७ ची मालिका दोन्हीकडे घेतली त्यालाही कारण आहे. विंडोजमध्ये 'रिमोट नेटवर्कवरील डीफॉल्ट गेटवे वापरा' ही खूण काढली, म्हणजे कर्मचाऱ्याचे यूट्यूब कार्यालयाच्या लाइनवरून जाणार नाही असे केले, की विंडोज मिळालेल्या पत्त्याच्या वर्गावरून वाट ठरवते. १० ने सुरू होणारा पत्ता मिळाला तर १० ची अख्खी मालिका टनेलकडे वळते आणि वेगळा मार्ग लिहावा लागत नाही. पट्टी १० ची आणि कार्यालय १९२.१६८ चे असेल तर जोडणी हिरवी दिसते आणि काहीच उघडत नाही.

पिंग जातो, पण रिमोट डेस्कटॉपचा पडदा काळा राहतो, मोठी फाइल अर्ध्यात अडकते, असे असेल तर पाकिटाच्या आकाराचा घोळ आहे. पीपीपीओईवर १४९२ बाइट मिळतात, त्यात आयपीसेक आणि एल२टीपीची वेष्टने जातात. पीपीपी प्रोफाइलमधला 'चेंज टीसीपी एमएसएस' चालू ठेवा. आयकेई २ वापरत असाल तर 'मँगल'मध्ये टनेलमधल्या टीसीपीसाठी एमएसएस (एका पाकिटातल्या मजकुराची कमाल मर्यादा) १३५० च्या आसपास बांधून द्या. त्याच आयकेई २ मध्ये, आणि दोन शाखा जोडणाऱ्या आयपीसेकमध्येही, 'फास्टट्रॅक' (रहदारी झटपट पुढे काढणारा) नियम आयपीसेकच्या नियमांना बगल देतो. आयपीसेकच्या रहदारीला परवानगी देणारे नियम फास्टट्रॅकच्या वर असले पाहिजेत. 'मास्करेड'चेही (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणारा नियम) तसेच: शाखेकडे जाणाऱ्या रहदारीला त्यातून वगळणारा नियम त्याच्या वर हवा, नाहीतर टनेल उभे आणि आत सामसूम.

एल२टीपीची आणखी एक मर्यादा विकणारे सांगत नाहीत. एकाच घरातून किंवा एकाच शाखेतून, म्हणजे एकाच नॅटच्या (बाहेरच्या एका सामायिक पत्त्याच्या) मागून, मिक्रोटिकला दोन जण एल२टीपी-आयपीसेकने एकदम जोडू शकत नाहीत. दुसरा आला की पहिला पडतो. शाखेत तीन टेबले असतील तर तीन लॅपटॉपांवर व्हीपीएन घालण्यापेक्षा शाखेच्या राउटरपासून मुख्य कार्यालयापर्यंत एकच कायमचे टनेल करावे. कार्यालयाचा राउटर स्वतःच दुसऱ्या मोडेमच्या मागे असेल तर ५०० आणि ४५०० पुढे पाठवूनही विंडोज ८०९ दाखवत राहते. तिथे रजिस्ट्रीत 'अझ्यूम यूडीपी एन्कॅप्सुलेशन कॉन्टेक्स्ट ऑन सेंड रूल' या नावाची नोंद २ या मूल्याने घालून यंत्र पुन्हा सुरू करावे लागते.

आणि सगळ्यात आधी पाहायची गोष्ट: राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तो पत्ता तुमचा एकट्याचा नाही. इंटरनेट कंपनीने एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवले आहेत, आणि बाहेरून आत येणारी कोणतीच जोडणी तुमच्यापर्यंत पोचणार नाही. स्टॅटिक पब्लिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मागून घ्या. इथे बरेच जण दोन दिवस सेटिंग्ज उलटसुलट करतात आणि मग वैतागून व्हीपीएनचा नाद सोडतात. एखाद्या जुन्या लाइनवर पब्लिक आयपी सापडला की त्यावरून रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ पोर्ट थेट उघडे टाकतात. ३३८९ चे ३३९० केले म्हणजे झाले, असा एक गोड गैरसमज आहे. पोर्ट चाळणारे प्रोग्राम सगळीच पोर्ट चाळतात. भीक नको पण कुत्रा आवर, अशातली ही सुरक्षा.

मोठ्या संस्थांत, जिल्हा पातळीच्या बँकांत वगैरे, सिस्कोचे एएसए किंवा तत्सम फायरवॉल-व्हीपीएन यंत्र असते. तिथे 'टनेल-ग्रुप' आणि 'ग्रुप-पॉलिसी' अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. टनेल-ग्रुप सांगतो की जोडणी कशी येणार आणि नाव-पासवर्ड कोणाकडे तपासायचा. ग्रुप-पॉलिसी सांगते की आत आल्यावर काय मिळणार. जे टनेल-ग्रुपमध्ये लिहिले नाही ते 'डीफॉल्टआरएग्रुप' किंवा 'डीफॉल्टवेबव्हीपीएनग्रुप'मधून वारशाने येते आणि जे पॉलिसीत लिहिले नाही ते 'डीफॉल्टग्रुपपॉलिसी'तून. म्हणून आपण बनवलेले गट कितीही काटेकोर असले तरी मूळचे हे गट उघडे राहिले की वाट राहतेच. २०२३ मध्ये अकिरा या खंडणीखोर टोळीने दुहेरी पडताळणी नसलेल्या सिस्को व्हीपीएनवर पासवर्ड आजमावण्याचा सपाटा लावला, तेव्हा सिस्कोने सप्टेंबरात दिलेल्या सूचनेत मूळच्या गटांचाच बंदोबस्त करायला सांगितले होते. मूळ पॉलिसीत 'व्हीपीएन-सायमल्टेनिअस-लॉगिन्स' शून्य करायचे आणि आपल्या प्रत्येक पॉलिसीत ते स्पष्टपणे १ किंवा २ लिहायचे. शून्य करताना दुसरा भाग विसरला तर वारशाने सगळ्यांनाच शून्य मिळते आणि सकाळी दहाला फोन सुरू होतात. 'ग्रुप-लॉक'ही लावा. नाहीतर विक्रीचा माणूस लॉगिनच्या खिडकीतल्या यादीतून 'लेखा' निवडतो आणि पासवर्ड बरोबर असल्यामुळे आत जातो. वाड्याची दिंडी ओलांडली म्हणून प्रत्येक खोलीचे कुलूप उघडून द्यायचे नसते.

वापरकर्ते दहाबाराच्या वर गेले की खाती राउटरवर ठेवू नयेत. मिक्रोटिकमध्ये 'सीक्रेट्स'मधले पासवर्ड व्यवस्थापकाला उघडे वाचता येतात, आणि २०१८ मध्ये विनबॉक्समधल्या (राउटरची व्यवस्था पाहण्याचा प्रोग्राम) एका दोषामुळे जगभरच्या मिक्रोटिक राउटरांच्या व्यवस्थापकांचे पासवर्डच बाहेरून वाचता येत होते. ६.४२.१ या आवृत्तीत तो दोष बुजवला गेला. त्याहून जुनी आवृत्ती चालवणारे राउटर अजून भिंतीवर असतील, तर ते आधी अद्ययावत करा, गटांचे नंतर. खाती ठेवण्याची योग्य जागा म्हणजे रेडियस सर्व्हर, सगळ्यांची पडताळणी एकाच जागी करणारा. विंडोज सर्व्हर असेल तर त्यातली एनपीएस सेवा चालते, नसेल तर फुकटचा फ्रीरेडियस, आणि मिक्रोटिकच्या सातव्या आवृत्तीत 'यूजर मॅनेजर' म्हणून घरचाच रेडियस आहे. पोर्ट १८१२ पडताळणीला आणि १८१३ हिशेबाला. 'पीपीपी एएए'मध्ये रेडियस आणि अकाउंटिंग दोन्हींना होय करा. रेडियसकडून 'मिक्रोटिक-ग्रुप' या गुणधर्मात प्रोफाइलचे नाव परत पाठवता येते, म्हणजे माणूस कोणत्या गटाचा हेही एकाच जागी ठरते. सिस्कोत हेच काम २५ क्रमांकाच्या 'क्लास' गुणधर्मात 'ओयू=' लिहून पॉलिसीचे नाव देऊन होते.

पण एक खाच आहे. मिक्रोटिक आधी स्वतःच्या यादीत नाव शोधतो आणि तिथे सापडले नाही तरच रेडियसला विचारतो. रेडियस लावला, त्यावर दुहेरी पडताळणी चढवली, आणि जुने 'ऑफिस' हे खाते 'असू दे, अडीअडचणीला' म्हणून सीक्रेट्समध्ये तसेच ठेवले, तर त्या नावाने येणाऱ्याला कोड कोणी विचारत नाही. सगळा खर्च पाण्यात. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन बंद पडली ती अशाच विस्मृतीत गेलेल्या व्हीपीएन जोडणीमुळे. तिला दुहेरी पडताळणी नव्हती, एक पासवर्ड पुरला. त्या देशाच्या पूर्व किनाऱ्याचा इंधनपुरवठा काही दिवस विस्कळीत झाला आणि कंपनीने ७५ बिटकॉइनची खंडणी मोजली. रेडियस सुरू झाल्याच्या दिवशीच सीक्रेट्सची यादी रिकामी झाली पाहिजे. आणीबाणीसाठी खाते हवेच असेल तर ते बंद अवस्थेत ठेवा, पासवर्ड पाकिटात घालून सहीशिक्क्यानिशी तिजोरीत.

एकवेळच्या कोडासाठी दर वर्षी पैसे भरायलाच हवेत असेही नाही. यूजर मॅनेजरमध्ये वापरकर्त्याच्या नोंदीत 'ओटीपी सीक्रेट'चा रकाना आहे. त्यातला मजकूर मोबाइलवरच्या ऑथेंटिकेटरमध्ये भरला की दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड मिळतो, आणि तो पासवर्डला जोडूनच टाइप करायचा असतो. साठवलेला पासवर्ड चालत नाही म्हणून कर्मचारी सुरुवातीला कुरकुरतात. कोड पासवर्डला जोडून जातो तेव्हा पडताळणीची पद्धत रेडियसला झेपणारी निवडावी लागते. फ्रीरेडियसवर बाहेरचे ओटीपी मॉड्यूल लावले तर बहुधा पॅपच हवे असते, आणि पॅप वापरायचे तर 'यूझ आयपीसेक: रिक्वायर्ड' याला पर्याय नाही, कारण पॅपमध्ये पासवर्ड जसाच्या तसा जातो. मोबाइलवर 'होय/नाही' विचारणारी सेवा घेतली तर राउटरमधली रेडियसची मुदत वाढवा. मुळात ती एका सेकंदाहूनही कमी असते आणि तेवढ्यात खिशातून फोनही निघत नाही.

कोड चालायचा तर घड्याळ जुळलेले हवे. लहान राउटरांत घड्याळाची बॅटरी बहुधा नसते. रात्री वीज गेली आणि यूपीएस संपला की सकाळी राउटर भलत्याच तारखेत जागा होतो. मग कोड चुकतात, प्रमाणपत्रे 'अजून लागू नाहीत' म्हणून नाकारली जातात, आणि तंत्रज्ञ चावी बदलत बसतो. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) लावा. कोणता, हेही सरकारने सांगून ठेवले आहे. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत, लॉग (यंत्रांवरच्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस भारतात जपायचे आहेत आणि अनधिकृत शिरकावासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. ग्राहकांच्या नोंदी ५ वर्षे ठेवण्याची याच निर्देशांतली अट व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांना आहे, कार्यालयाच्या स्वतःच्या व्हीपीएनला नाही. दोन्हींची गल्लत करून घाबरवणारे सल्लागार भेटले तर त्यांना निर्देश वाचायला द्यावेत.

लॉगचे वास्तव मात्र हलाखीचे आहे. मिक्रोटिक मुळात स्मृतीत १००० ओळी ठेवतो, आणि राउटर बंद-चालू झाला की त्याही जातात. बाहेरून कोणी रात्रभर पासवर्ड आजमावत असेल तर त्या हजार ओळी त्याच्याच खटपटीने भरून जातात, आणि तो आत शिरल्याची एक ओळ सकाळपर्यंत वाहून गेलेली असते. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. 'लॉगिंग'मध्ये 'रिमोट' निवडून यूडीपी ५१४ वर एखाद्या जुन्या संगणकाला किंवा एनएएसला (नेटवर्कवरच्या साठवण पेटीला) ओळी पाठवा. विषय 'पीपीपी', 'आयपीसेक', 'अकाउंट' आणि 'फायरवॉल' पुरे. 'डीबग' कायमचे चालू ठेवू नका, डिस्क भरते आणि उपयोगाची ओळ गाळात बुडते. पण हे सगळे करूनही प्रत्येक ओळीत 'ऑफिस' हेच नाव येणार असेल, तर १८० दिवसांचे लॉग ही १८० दिवसांची रद्दी आहे. चौकशी अधिकाऱ्याला त्यातून कर्मचारी सापडत नाही, आणि निरपराध कर्मचाऱ्यालाही 'तो मी नव्हे' हे सिद्ध करता येत नाही.

शेवटी प्रमाणपत्रांविषयी. आयकेई २ मध्ये राउटरला एक आणि प्रत्येक माणसाला एक प्रमाणपत्र दिले की सामायिक चावीच उरत नाही. मिक्रोटिकमध्ये 'आयपीसेक आयडेंटिटीज'मध्ये माणसागणिक नोंद करून 'मॅच बाय: सर्टिफिकेट' ठेवा आणि त्याच्या गटाचा 'मोड कॉन्फिग' (पत्त्यांची पट्टी ठरवणारी नोंद) जोडा. माणूस गेला की त्याची एक नोंद बंद, बाकी कोणाला हात लावायचा नाही. राउटरच्या प्रमाणपत्रात 'सब्जेक्ट ऑल्ट नेम'मध्ये नेमके तेच नाव किंवा तोच पत्ता हवा जो कर्मचारी विंडोजमध्ये टाइप करतो. नव्वद टक्के वेळा घोडे इथेच अडते. प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीख कार्यालयाच्या कॅलेंडरवर लिहा, कारण ती संपली की सगळेच एका सकाळी बाहेर.

पतसंस्थांचे लेखापरीक्षक आणि संचालक मंडळांना विनंती एवढीच. देखभालीचा वार्षिक करार नूतनीकरणाला येतो तेव्हा तीन कागद मागा: आज चालू असलेल्या व्हीपीएन खात्यांची माणसांच्या नावांसह यादी, प्रत्येक गटाला कोणते यंत्र दिसते त्याचा तक्ता, आणि गेल्या महिन्यात कोण कधी आत आले याच्या लॉगचा छापील उतारा. पहिल्या यादीची हजेरीपटाशी गाठ घाला. हजेरीपटावर नसलेले नाव यादीत असेल तर ते त्याच दिवशी बंद करून घ्या. आणि राउटरचा व्यवस्थापकीय पासवर्ड फक्त कंत्राटदाराकडे असेल, तर तोही करार संपण्याआधी ताब्यात घ्या. करार मोडल्यावर मागितला तर राउटर रिसेट करून हे सगळे पहिल्यापासून लिहावे लागते.

आपला,
नेटवर्क देखभालीच्या व्यवसायातील एक वाचक,
सांगली